मीटरची हजेरी

सकाळी साडेसातला मामा गाडीचं दार उघडायचे, खांद्यावरच्या रुमालाच्या टोकानं मीटरची काच पुसायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. "दोन लाख छप्पन्न हजार तीनशे आठ." दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसलेले माझे वडील तिथूनच म्हणायचे, "हजर." मग गाडी सुरू व्हायची. हे रोज चालायचं. लोहाऱ्यातल्या आमच्या खत-बियाण्यांच्या दुकानात नवीन आलेलं गिऱ्हाईक हे बघून चक्रावून जायचं, जुनं गिऱ्हाईक वळूनही बघायचं नाही.

मामा आमचे ड्रायव्हर. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. त्या नावाचं मी आधीच पुष्कळ वाटोळं केलंय.

गाडी जपानी कंपनीची होती, आठ माणसांची, चौकोनी. दिसायला पत्र्याच्या पेटीसारखी. वडिलांनी नवी घेतली तेव्हा तालुक्यात तशी दुसरी नव्हती. पुढं चांगली खपत असतानाच कंपनीनं ती बनवायची बंद केली. मामांना ते फार लागलं. "कंपनीला एक पत्र लिवा मालक," म्हणून ते आठवडाभर माझ्या मागं होते. मी लिहितो म्हणालो आणि लिहिलं नाही. मी कसा माणूस आहे हे तुम्हाला इथंच कळलं तर पुढचं वाचणं सोपं जाईल.

मामा तरुणपणी सोलापुरात मागावर होते. टॉवेल विणायचे. गाडीतून येणाऱ्या कुठल्यातरी इंजिनियरानं त्यांना सांगितलं होतं, की ही जपानी कंपनी आधी मागच बनवायची, मोटारी नंतर. तेव्हापासून ती कंपनी मामांची सोयरी झाली. सोलापूरला निघालेल्या प्रत्येक प्रवाशाला जळकोट यायच्या आत ते ही गोष्ट ऐकवायचेच. त्या कंपनीच्या मूळ म्हाताऱ्यानं असा माग केला, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. "आमचा माग न्हाय थांबायचा," मामा सांगायचे. "धागा तुटला तरी खडाखडा चालूच. कापड खराब, अन् बोलणी आमाला." ही गाडीसुद्धा त्याच मागाच्या घरातली, असं त्यांचं म्हणणं. कुणी विचारलं, मामा, ही गाडी कधीच बिघडत नाही का हो, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

"बिघडती की. पर आधी सांगती."

हे खरंच होतं. दर एक लाख किलोमीटरला मीटरमध्ये एक छोटा दिवा लागायचा. इंजिनातला टायमिंग बेल्ट, मामांच्या भाषेत पट्टा, बदलायची वेळ झाली असा त्याचा अर्थ. पट्टा न बदलता गाडी दामटली आणि तो चालत्या गाडीत तुटला, तर इंजिन जाग्यावर बंद. मामांसाठी तो दिवा म्हणजे सणच होता. नारळ गाडीत आधीपासून ठेवलेला असायचा. पहिला लाख भरला तेव्हा गाडीत आमच्या बहिणीचे सासरकडचे लोक होते आणि सगळे लग्नाला उशीर झालाय म्हणून घायकुतीला आलेले. मामांनी नळदुर्गच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, नारळ फोडला, टायरला पाणी दाखवलं आणि भरजरी कपड्यातल्या व्याह्यांच्या हातावर खोबऱ्याचे तुकडे ठेवले. वडील संतापले होते, पण खोबरं त्यांनीही खाल्लं.

दुसऱ्या लाखाला तीन किलोमीटर कमी पडत होते, तर मामांनी भर बाजाराच्या दिवशी तहसील कार्यालयाला फेऱ्या मारल्या. लाख दुकानासमोरच भरला पाहिजे, हा हट्ट. तिसऱ्याला वडील आजारी होते. मामांनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि दिवा दाखवला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत वडील गेले. सकाळची हजेरी चालू राहिली, "हजर" बंद झालं. ते मी म्हणायला हरकत नव्हती. मला लाज वाटायची, चार लोकांत वेड्यासारखं ओरडायची.

मग मला नवी गाडी हवीशी वाटू लागली. उंच, पांढरी, लोकांनी मान वर करून बघावी अशी. जुनी विकायला काढली, तर दलाल म्हणाला, एवढी पळालेली गाडी कोण घेतोय, मीटर बदला. भंगारातल्या तसल्याच गाडीचं कमी चाललेलं मीटर काढून हिला बसवायचं, बस्स. सगळेच करतात, असंही तो म्हणाला. मला तेवढं वाक्य पुरलं. मामांना मी दोन दिवस गावी पाठवून दिलं, तुळजापूरला जाऊन या, लेकीला भेटून या, असं अगदी गोड बोलून. तोवर लातूरला जाऊन काम उरकलं. जुनं मीटर वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानाच्या माळ्यावर टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मामा आले. दार उघडलं, रुमालानं काच पुसली, वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. नव्या मीटरवर एक लाख बारा हजार होते. खरा आकडा होता तीन लाख सत्त्याण्णव हजार चारशे बारा. चौथ्या लाखाला अडीच-पावणेतीन हजारच राहिले होते, आणि सीटखाली पिशवीत नारळ होता.

मी दुकानातून म्हणालो, मीटर बिघडलं होतं, बदलून घेतलं. मामांनी रुमाल परत खांद्यावर टाकला.

"बिघडलं असतं तर सांगितलं असतं तिनं," ते म्हणाले. त्या दिवशी गाडी हजेरीविना निघाली.

घ्यायला आले ते जळकोटचे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापूरला न्यावं लागायचं. एसटीचा प्रवास त्यांना झेपेना, आणि एकदा भाड्याची जीप वाटेत बंद पडून त्यांचे फार हाल झाले होते. मास्तरांना दिसायला कशीही चालेल, पण बंद न पडणारी गाडी हवी होती. माझ्यावर त्यांचा विश्वास होता असं नाही. मामांवर होता. मामांनी चांगली म्हटलेली गाडी लोक डोळे झाकून घ्यायचे.

त्यांनी मामांनाच विचारलं, "मामा, मीटर खरं आहे ना?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिशातून फोन काढला आणि त्यात बघू लागलो. फोनमध्ये काहीही नव्हतं. मामा म्हणाले, "व्हय." त्यांनी मास्तरांना चावी दिली आणि पाणी प्यायला मागं गेले.

व्यवहार झाला. पुढचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि ते खरं नाही, आलं होतं, पण मी तिकडं बघितलं नाही. दिवा मीटरच्या आकड्याप्रमाणं लागतो. नव्या मीटरचा दिवा लागायला अजून अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर अवकाश होता. पट्टा मात्र तीन हजारांच्या आतच बदलायला हवा होता. आधी सांगणाऱ्या गाडीचं तोंड मी दाबून ठेवलं होतं, आणि तिच्यात मास्तरांच्या बाई बसून सोलापूरला जाणार होत्या.

चार-सहा दिवसांनी मास्तर स्वतः दुकानात आले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, संपलं सगळं. पण ते माझ्यावर रागावलेलेच नव्हते.

"तुम्हाला सावध करायला आलोय," ते म्हणाले. "तुमचा तो मामा लबाड निघाला. काल जीपनं माझ्या घरी आला आणि म्हणाला, पट्टा आजच बदला, मीटर मीच बदललंय, मालकांना ठाऊक नाही. दलालाकडून काहीतरी मिळालं असणार. मेकॅनिकनं पट्टा काढला तर त्याला चिरा पडलेल्या. आमची ही त्याच दिवशी जाणार होती हो."

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला. समोर माणूस उभा होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि मला फक्त तीन शब्द बोलायचे होते, मी केलं ते. माझ्या तोंडून निघालं, "हो का."

आजही कानात तेच वाजतं. हो का.

संध्याकाळी मामा आले. आता गाडी नव्हती, म्हणजे कामही नव्हतं. नव्या गाडीवर राहा असं मी म्हणालो, ते नको म्हणाले. असं का सांगितलंत मामा, असं मी विचारलं. खाली मान घालून विचारलं, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

"धागा तुटला व्हता मालक. कुनीतरी माग थांबवाया पायजे व्हता," ते म्हणाले. मग दुकानाच्या पाटीकडं बघून म्हणाले, "थोरल्या मालकांचं नाव हाय वर. अन् व्हय म्हनलंय म्याच. माझंबी खोटंच की ते."

जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. जुनं मीटर असलं तर द्या. मी माळ्यावरून काढून दिलं. त्यांनी ते रुमालात बांधलं आणि गेले.

मामांनी मीटर बदलून मास्तरांना फसवलं, ही बातमी जळकोटहून लोहाऱ्याच्या जीपस्टँडवर पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. लोकांनी त्यांचं नावच 'मीटरवाला' पाडलं. कुणी गाडी हातात देईना. थोडे दिवस ते स्टँडवर येऊन बसायचे, कुणाची गाडी अडली तर काय बिघडलंय ते सांगायचे, पण लोक हसून विचारायचे, मामा, आमचंही मीटर मागं घेता का? एकदा मी तिथंच चहा पीत होतो. सगळे हसले. मीही हसलो. अगदी दात दाखवून नाही, थोडंसंच, पण मामांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते स्टँडवर आले नाहीत. भूम तालुक्यात ईटला लेक दिली होती, तिच्याकडं राहायला गेले असं नंतर कळलं.

मी ईटला जायचं ठरवत राहिलो. ठरवण्यात मी पटाईत आहे. यंदा त्यांची लेक फोनवर म्हणाली, आप्पा गेले, तेरावंही झालं. मग मात्र गेलो, नवी गाडी घरी ठेवून, एसटीनं. बाई शांत होत्या. पाणी दिलं, आणि कोनाड्यातून रुमालात बांधलेलं मीटर काढून माझ्यापुढं ठेवलं.

"रोज सकाळी काच पुसायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, मालक येतील तवा दे त्यास्नी."

मालक येतील, असं ते एवढी वर्षं धरून चालले होते.

येताना जळकोटला उतरलो. मास्तर एकटेच होते. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली, पण गाडीनं शेवटपर्यंत एकदाही वाटेत थांबवलं नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. ती अंगणात उभी होती. मी रुमाल सोडला, मीटर टेबलावर ठेवलं आणि ते तीन शब्द बोललो. मास्तरांनी चष्मा लावून आकडा वाचला.

"हे मला सांगून काय उपयोग," ते म्हणाले. "स्टँडवर सांगा."

त्याच संध्याकाळी मी लोहाऱ्याच्या जीपस्टँडवर उतरलो. पिशवी हातात होती. चहावाला म्हणाला, "कळलं का मालक, तो मीटरवाला गेला म्हणं."

आणि मी म्हणालो, "हो का."

घरी जाऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला परत गेलो. जीपवाले जमलेले होते. चहाच्या टेबलावर मीटर ठेवलं आणि सांगितलं, हे आमच्या जपानी गाडीचं, हे मी काढलं, मामांनी नाही. त्यांनी सगळं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. पहिल्यांदा हळू बोललो, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. कुणी चहाही विचारला नाही. स्टँडवरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर उठून टेबलापाशी आला. मामांना मीटरवाला पहिल्यांदा त्यानंच म्हटलं होतं. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, काच पुसली आणि मोठ्यानं आकडा वाचला.

"तीन लाख सत्त्याण्णव हजार चारशे बारा."

हजर म्हणायला तिथं कुणी नव्हतं.