बर्फातले हात

काल आईला ताप भरला, एकशे दोन. गोळी देऊन तिच्या उशाशी बसले आणि मला चिंचणीची ती दुपार आठवली.

मी सात-आठ वर्षांची असेन. आई मासळी विकून आली, टोपली उतरवली, सहज माझ्या कपाळाला हात लावला आणि ओरडलीच, "अगो बाई, पोर तापलीय!" मी ठणठणीत होते, पण ऐकतंय कोण! भर उन्हात मला गोधडीत गुंडाळून तिने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थर्मामीटर पाहिला, मग आईच्या हाताला हात लावला आणि हसू लागले.

"पोरीला ताप नाही, बाई. तुमचे हात सकाळपासून बर्फात. त्यांना कुणीही गरमच लागणार."

आई पदरात तोंड लपवून हसली. परतताना पापलेटचा, ओल्या बर्फाचा तिचा वास माझ्या गोधडीभर झाला होता.

त्यानंतर ती ताप बघायची तो गालाला गाल लावून.

तासाभराने आईला घाम फुटला. मी वाकून तिच्या गालाला गाल लावला. ताप उतरला होता अंगातला. डोळे न उघडताच ती म्हणाली, "हात लाव की गो. तुझे कुठे बर्फात असतात?"

"नसतात," मी म्हटलं, आणि गाल तसाच ठेवला.