काळी बगल

माघात अंबाझरी तलावाचं पाणी ओसरलं की बागेच्या कडेचा चिखल उघडा पडायचा आणि त्यावर चिखल्या पक्षी उतरायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्यांच्यात मला एक करडा चिखल्या दिसला. हा खरं तर समुद्रकाठचा, इतक्या आत क्वचितच येणारा. दर रविवारी बागेच्या फाटकाशी जमणाऱ्या आमच्या पक्षीवेड्या मंडळींना मी तसं सांगितलं, तर सगळे हसले. त्यांच्यात बाई मी एकटीच. त्यांतले वडीलधारे वकील म्हणाले, "सोनेरी चिखल्या असेल तो. हिवाळ्यात दोन्ही सारखेच दिसतात, बाई."

त्या 'बाई'नं माझं डोकं फिरलं. फरक मला ठाऊक होता. करड्याची बगल काळी असते, पण पंख उचलल्याशिवाय ती दिसत नाही. तेवढा एक फोटो मिळाला की यांची तोंडं बंद होणार होती.

कॅमेरा भाऊजींचा, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा. ते लग्नांचे फोटो काढत. तो मला मिळाला त्या दिवशी दुपारी सावनेरला लग्न होतं आणि रोल त्यासाठीच भरलेला.

"एकच फोटो काढजो," त्यांनी बजावलं. "दुसरा काढला तं हार घालाच्या वेळेले मी काय करू?"

उजाडताच साडी खोचून मी चिखलात पालथी पडले. भिंग फार लांबचं टिपणारं नव्हतं, त्यामुळे सरपटत जवळ जाणं भाग होतं. पक्षी दोन पावलं धावायचा, थांबायचा, चोच मारायचा. पंख काही उचलेना. माझी कोपरं बधिर झाली. हा असाच उडून गेला तर जन्मभर मी खोटी ठरणार होते.

मागून म्हशी आल्या. त्यांच्यामागची बाई ओरडली, "काहून झोपून राहिली वं चिखलात? बरं नाही वाटून राहिलं का?"

मी हात हलवून तिला गप्प राहायला सांगितलं. पण म्हशी थोड्याच थांबणार! पहिली धप्पकन पाण्यात शिरली. पक्षी दचकला, दबला, आणि उडण्याआधी त्यानं दोन्ही पंख वर केले. मी बटण दाबलं. जमलं की हललं, ते सीताबर्डीच्या स्टुडिओतून फोटो येईपर्यंत कळणार नव्हतं. त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही.

फोटो आला. बगल काळी. मी रस्त्यातच हसले.

रविवारी भाऊजी मला स्कूटरवरून फाटकाशी सोडायला आले. वकिलांनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला. "करडाच आहे. मानलं बुवा!" असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, तो भाऊजींकडे.

"मी काढलाय," मी म्हणाले. आवाज चढला होता. वकील भाऊजींच्या तोंडाकडे पाहू लागले. मीही पाहू लागले.

भाऊजींनी त्यांचा हात हातात घेतला. "कॅमेरा माझाच आहे," ते म्हणाले.

मी फोटो हिसकावून घेतला आणि पायीच घरी निघाले.