कुडत्याच्या मापाने कातरलेला लामा

आधीच सांगतो, मी रागात आहे. फेब्रुवारीपासून आहे आणि राग उतरायचं नाव घेत नाही. रिदाच्या घरी भिंतीवर एक सर्टिफिकेट लावलंय, चांगलं सोनेरी काठाचं. येणारा-जाणारा ते वाचून पोरीचं कौतुक करतो. मी वाचलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते ऐका.

रिदा म्हणजे इद्रीसभाईची मुलगी, अठरा वर्षांची. इद्रीसभाई आमच्या राजापूर तालुक्यातला, माझ्या शेजारच्या गावचा. इथे आखातात, फहाहीलला त्याचं शिलाईचं दुकान आहे. वीस वर्षं अरबांचे पायघोळ झगे, म्हणजे दिशदाशे, आणि आपल्या लोकांचे कुडते शिवतोय. पोरगी इथेच जन्मली. घरात कोकणी ऐकते नि निम्मी उत्तरं इंग्रजीत देते. मी तुळशीदास, अम्गऱ्याला एका कंपनीत वेल्डर, कामगारांच्या कॅम्पात राहणारा एकटा माणूस. ईद असो की गणपती, मला जेवण त्यांच्याच घरी. माझी समिधा रिदाच्याच वयाची, गावी आईजवळ शिकते.

इद्रीसभाईचं जुनं गिऱ्हाईक अबू मिशारी. वफ्राकडे त्याचं मोठं शेत आहे. शुक्रवारी इद्रीसभाई शिवलेले कपडे पोचवायला जायचा, रिदा सोबत, आणि मागच्या सीटवर मी. शेताच्या कुंपणाचं, फाटकांचं वेल्डिंग मी सुट्टीत करायचो. पण गुपचूप. माझा व्हिसा अम्गऱ्याच्या कंपनीचा. दुसऱ्याकडे काम करताना सापडलो तर थेट विमानात बसवतात.

दोन वर्षांपूर्वी अबू मिशारीने हौसेने एक लामा आणला. उंटाच्या कुळातलाच, पण कुबड नाही; लांब मान, अंगभर लोकर, आणि चिडला की थुंकतो. कागदोपत्री त्याचं नाव डेझर्ट किंग. मी म्हटलं, कसला डोंबलाचा किंग, हा तर आपला बारक्या! तेच नाव पडलं.

बारक्या कुणाला जवळ येऊ देईना. शेतावरच्या दोन गड्यांनी हात टेकले. रिदा मात्र दर शुक्रवारी त्याच्या कुंपणात नुसती बसून राहायची, अभ्यासाचं पुस्तक घेऊन. तीन महिन्यांनी तो आपण होऊन येऊन तिचं पुस्तक हुंगायला लागला. वर्षभरात तिने त्याला दोरीने चालवलं, दांड्यांवरून पाय उचलायला शिकवलं, मी केलेल्या फाटकांतून आरपार नेलं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. कॉलेजच्या अर्जाला जनावरांसोबत काम केल्याचा कागद लागतो, तोही स्वतःच्या नावाचा. हिवाळ्यात लामांचा शो आणि परिषद होणार असं कळलं तेव्हा पोरगी म्हणाली, “काका, त्या रिंगमध्ये मी बारक्याला चालवलं की माझा कागद झाला.”

पण आधी जून आला. इथला जून म्हणजे भट्टीच. अबू मिशारी परदेशी गेलेला, फोन उचलेना. त्याची सक्त ताकीद होती, शोसाठी लोकर राखायची, कातरायची नाही. आणि बारक्या तोंड उघडं टाकून धापा टाकत पडलेला, चारा तसाच. रिदा रडकुंडीला आली. “तो मरेल काका, सीरियसली.”

इद्रीसभाई गाडीतून कापडाची मोठी कात्री आणि खडू घेऊन आला, पण कात्री जनावराला लावेना. गिऱ्हाईक तुटायची भीती. शेवटी रिदानेच कात्री घेतली. मी बारक्याची मान धरली. दोनदा माझ्या तोंडावर थुंकला मेला, पण मी सोडला नाही. आणि शिंप्याची पोर ती, तिने खडूने खुणा केल्या आणि बाप कुडता बेततो तसा लामा बेतला! पाठ सरळ, मानेभोवती गोल गळा, पुढच्या पायांभोवती मुंढे. पोटाची लोकर तशीच ठेवली. कुडता टेबलावर पसरला की पुढा नि पाठ, त्याला पोट कुठलं? तिने फोटो काढून शेताच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. बारक्याची धाप काही थांबेना. मग तिने रात्रभर वाचून काढलं की या जनावराची उष्णता पोटाकडूनच बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून बापाला घेऊन पुन्हा गेली, पोट कातरलं, आणि जनावर वाचलं.

अबू मिशारी परतल्यावर आठवडाभर चिडला. मग म्हणाला, बरं झालं, कातरलेल्यांच्या गटात उतरवू. माणूस वाईट नाही. पण शोचं सगळं त्याने राहुलवर सोपवलं. हा राहुल इव्हेंट मॅनेजर, आपलाच मराठी माणूस, म्हणून मला आधी बरं वाटलेलं. शिरा पडो त्याच्या तोंडावर!

शोच्या सकाळी रिदा नवीन बूट घालून, केस घट्ट बांधून आली. राहुलने तिच्या गळ्यात कार्ड घातलं. त्यावर लिहिलेलं, मदतनीस. बारक्याला रिंगमध्ये नेणार होता वाजिद, जेवणाचा खर्च उचलणाऱ्या एका कॅटरिंगवाल्याचा मुलगा. त्याने आदल्या दिवशी पहिल्यांदा लामा पाहिला होता!

“बेटा, तू पाण्याच्या बाटल्यांकडे बघ,” राहुल म्हणाला. “टीमवर्क असतं हे.”

टीमवर्क म्हणे! आयत्या बिळावर नागोबा नुसता. मी इद्रीसभाईला कोपर मारलं, बोल की! तो म्हणाला, “जाऊ दे तुळशी, गिऱ्हाइकाच्या घरचं कार्य आहे.” पोरगी बाटल्या वाटत राहिली. बारक्या रिंगच्या मध्यावर जाऊन फतकल मारून बसला. वाजिदने दोरी ओढली, तसा त्याच्या पांढऱ्या शर्टावर हिरवा चोथा थुंकला. मी मोठ्याने हसलो, लाज नाही वाटली.

दुपारी तंबूत परिषद. दक्षिण अमेरिकेहून एक डॉक्टरीण आलेली, वयस्कर, पायांत चिखलाचे बूट. विषय होता उन्हाळा. पडद्यावर राहुलने ग्रुपवरचा फोटो लावला, आणि बघतो तर आमचा बारक्या, गळा-मुंढ्यांसकट! राहुल सांगत होता, “ही आमच्या टीमने तयार केलेली खास उन्हाळी पद्धत.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. “पोटाची लोकर का ठेवली?”

“गरम वाळूपासून बचाव,” राहुल ठोकून मोकळा.

“चूक,” त्या म्हणाल्या. “असा लामा मरतो.”

तेवढ्यात मागून रिदा उठली. हातात अजून दोन बाटल्या. इंग्रजीतच बोलली, पण मला सगळं कळलं. “ती चूक माझी आहे. पद्धत वगैरे काही नाही. माझे वडील शिंपी आहेत, मला फक्त कुडता बेतता येत होता, आणि कुडत्याला पोट नसतं. तो धापा टाकतच राहिला म्हणून मी वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी पोट कातरलं. आता त्याच्या पोटावर हात फिरवून बघा.”

 पहिल्या रांगेतल्या अबू मिशारीने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. राहुलचा चेहरा पडला, पण तो भारी पाताळयंत्री. लगेच म्हणाला, “मॅडम, एकट्या मुलीने लामा कातरणं शक्य आहे का? कुणीतरी धरलं असेल ना? कोण होतं, नावं सांगू दे की सगळ्यांसमोर.” त्याला माझ्या शुक्रवारच्या चोरून केलेल्या कामाचं ठाऊक होतं. तंबूच्या दाराशी सरकारी माणसं उभी होती.

डॉक्टरीणबाईंनीही विचारलं, “तुझ्याबरोबर कोण होतं?”

रिदाने वळून आमच्याकडे पाहिलं. मोजून दोन-तीन क्षण असतील. इद्रीसभाई चपलांकडे बघत होता. आणि मी? सकाळपासून दुसऱ्याला ‘बोल की’ म्हणणारा मी, मूग गिळून उभा. मला विमान दिसलं, समिधाचं कॉलेज दिसलं. हात वर करायचा होता, एवढंच. वेल्डरचा हात, दिवसभर वजन उचलणारा. तो काही उचलला गेला नाही.

“कुणी नव्हतं,” रिदा म्हणाली. “मी एकटी होते.”

बाईंनी बारक्याला तंबूत आणवलं. रिदा जवळ गेली, दोरी सोडून दिली, खांद्याला हात लावला. तो खांबासारखा उभा राहिला. तिने त्याचा पाय उचलला, पोट दाखवलं, तरी हलला नाही. मग बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि अबू मिशारी उठून उभा राहिला. सर्टिफिकेट टीमऐवजी रिदाच्या नावाने नव्याने छापलं गेलं आणि राहुललाच ते तिच्या हातात द्यावं लागलं.

 परतताना गाडीत मागच्या सीटवरून मी म्हटलं, “रिदा, बाळा, मी...” तिने पुढच्या आरशातून पाहिलं नि म्हणाली, “काका, इट्स ओके. समिधाचं फर्स्ट इयर आहे ना?”

राहुलचा राग येतो, येणारच. वाजिदचा येतो, इद्रीसभाईचाही येतो. पण तिथे गेलो की ते सर्टिफिकेट मी जेवायच्या आधी एकदा वाचतो. त्यावर इंग्रजीत रिदाचं नाव आहे, आणि खाली लिहिलंय, या मुलीने कुणाच्याही मदतीशिवाय एका जनावराचा जीव वाचवला. रिदाची आई, बिल्कीसभाभी म्हणते, “भावजी, बसा, जेवण निवतंय.” मग मी हात धुऊन बसतो.