सुमित्रा नावाची नोंद नाही

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, हवालदार होतो. गाव बिलोली तालुक्यात, पोस्टिंग सिकंदराबादला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, किल्लारीजवळच्या माळावर पोचला. तंबू, रेडिओ सेट, जनरेटर आणि युनिटचा एकुलता एक कॉम्प्युटर.

आजची पोरं त्या मशीनला हसतील. चाळीस एमबीची हार्ड डिस्क, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. एक नाव शोधायला सांगितलं की तोवर चहा पिऊन व्हायचा. मृतांची यादी रोज छापून साहेबांना द्यायची होती. ते काम नायक हुद्द्यावरच्या क्लार्क रफीककडे. तो उदगीरचा, वडिलांचं शिलाईचं दुकान. पावसाचे थेंब लागू नयेत म्हणून स्वतःची चादर मशीनवर घालायचा.

"रफीक, लग्न लावून देऊ का हिच्याशी?" मी म्हणायचो.

"हुंडा कोण देणार, भाऊ?" तो म्हणायचा.

माझी धाकटी बहीण सुमित्रा तिथून सहा कोसांवरच्या गावात दिली होती. दाजी ट्रक चालवायचे. मला सेट सोडून हलायची परवानगी नव्हती. पोचल्यावर तासाभरात मी तिच्या गावच्या तुकडीला विचारलं.

"अल्फा, सुमित्रा नावाची बाई मृतांत आहे का? ओव्हर."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "निगेटिव्ह. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

त्या गावची यादी आल्यावर रफीकनेही शोधलं. मशीन फक्त पहिल्या नावावर शोधायचं. सुमित्रा: नोंद नाही. दाजींचं विठ्ठल: नोंद नाही. नवरा-बायको ट्रकवरून कुठेतरी देवदर्शनाला गेली असणार, असं मी धरून चाललो. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. आजूबाजूला रडारड चाललेली, आणि मी मनात तिच्यासाठी लुगड्याचा रंग ठरवत होतो. त्याची लाज आजही वाटते.

आम्ही पोचल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी शिरूर अनंतपाळकडचे एक म्हातारे लेकीला शोधत आले. रफीकने नाव टाकलं, नोंद नव्हती. म्हातारे उठता उठता म्हणाले, "सासरी तिला येगळं नाव ठिवलंय, बाबा. त्या नावानं बघ की."

रफीक थबकला. "आमच्यात लग्नात नाव बदलत न्हाईत," तो म्हणाला. दुसऱ्या नावाने बघितलं. लेक मृतांच्या यादीत सापडली. म्हातारे खालीच बसले.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमच्या बहिणीचं सासरचं नाव काय हाय?"

मला सांगता येईना. लग्नाला सुट्टी मिळाली नव्हती. ताटात तांदूळ पसरून दाजींनी अंगठीने कुठलं नाव लिहिलं, ते मी कधी विचारलंच नाही. तिची पत्रं 'तुझी सुमी' अशीच यायची. जन्मभर ही रीत पाहिलेला मी, पण अक्कल चरायला गेली होती.

रफीक नवऱ्याच्या नावाचा रकाना एकेक ओळ वाचत गेला. साडेतीनला थांबला.

"भाऊ, खाली बसा."

लक्ष्मीबाई विठ्ठल. वय चोवीस. भूकंपाच्याच दिवशी अग्नी दिला होता. दाजी खरोखरच ट्रकवर होते, एकटे.

"मशीननं फसवलं तुम्हाला," रफीक म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"मशीनला काय माहीत?" मी म्हणालो आणि सेटवर जाऊन बसलो. चारचा रिपोर्ट द्यायचा होता.

अंधार पडायच्या आत रफीकने यादीत नवा रकाना केला: माहेरचं नाव आणि गाव. शेजारपाजारच्या बायकांना विचारून विचारून तो भरला. त्यानंतर आलेले कित्येक बाप-भाऊ खोट्या आशेवर परत गेले नाहीत. पुढे त्याची पोस्टिंग काश्मीरला झाली आणि चौकीवरच्या गोळीबारात तो गेला. उदगीरला जाऊन मी त्याच्या अब्बांच्या दुकानात शिलाई मशीनशेजारी तासभर बसून आलो.

आता मी लातूरला असतो. गल्लोगल्ली क्लासेस, पोरापोरींच्या खिशात त्या मशीनच्या हजारपट ताकदीचा कॉम्प्युटर. निकाल लागला की पापणी लवायच्या आत कळतो. नवल वाटतं, कौतुकही वाटतं.

पण रफीकला एक गोष्ट सांगायची राहून गेली. मशीनने मला फसवलं नव्हतं. सुमी गेल्यावरही दोन दिवस त्या मशीनने माझ्यासाठी तिला जिवंत ठेवलं. माझी बहीण आहे, असं समजून मी जगलेले ते शेवटचे दोन दिवस. ते मला अजून हवे आहेत.