माज्या लेकीला पोळपाट मिळाला तवाची गोष्ट

त्या दिसी समाजमंदिरात जेवढ्या व्हतो तेवढ्या आदी सांगते. मी. माजी लेक. माजी धाकटी जाऊ. आमच्या बचत गटाची अध्यक्षीन, तिला सगळं गाव मावशी म्हनतं. अन् पापड लाटायला आलेल्या गल्लीतल्या बाया. बस, येवढ्याच.

गाव आमचं लातूरकडच्या मुरुडच्या शेजारी. लेक लहान असताना तापात तिचे पाय गेले. पार नांदेडपस्तोर दवाखाने केले, पन पायात जीव आला न्हाई. तवापासून ती हातात चपला घालून, हाताच्या जोरावर भुईवर सरकत चालती. मालक लवकर गेले. मी मजुरीला जायची, घरचं सैपाकपानी लेक बगायची. रडत बसायला येळ कुठं व्हता.

लेक तिशीच्या पुढं गेली तरी तिला एकच लागून राहिलं व्हतं, गटात पापड लाटायला बसायचं. एकदा म्हनली, "माय, तू हाईस तवर खाऊ घालशील. मंग?"

म्हनून मीच तिला घेऊन गेले. हात भुईला लागू नयेत म्हनून पाठकुळी मारली. एवढी मोठी बाई, लई लाजली. समाजमंदिरापाशी तिला नळावर सोडलं. तिनं कोपरापस्तोर हात धुतले. मी आत तिचा पोळपाट मांडून माघारी येईस्तोवर ती थांबली न्हाई. चपला नळावरच ठेवल्या अन् ओले हात फरशीवर टेकवत आत आली.

जाऊनं ते बगितलं. ती हळूच म्हनली, "आक्का, राग धरू नका. हे लोकाच्या पोटात जायचंय. हात भुईचे झाले की तिचे."

ती काय खोटं म्हनत नव्हती. लेक परत नळाकडं वळली. कितीबी धुतले तरी माघारी येताना तेच व्हनार, हे तिलाबी कळत व्हतं. मी तिला उचलायला वाकले.

"न्हाई माय," लेक म्हनली. "रोज तुज्या पाठीवर बसून कामाला येऊ का मी?"

मावशी उडदाचं पीठ कुटत व्हती, तिनं मुसळ थांबवलं.

"लग्नात व्याही आला तर त्याला नळावर धाडता का गं? बसल्या जागी हात धुवायला पानी देता. मंग हिला द्यायला काय झालं?"

एक बाई म्हनली, "मावशी, व्याह्याला पान-सुपारीबी लागती."

"अन् टावेल-टोपी," लेक म्हनली.

मंग सगळ्याच हसल्या, जाऊबी हसली. अन् तीच उठून तांब्या अन् घमेलं घेऊन आली. लेकीला पोळपाटापाशी बसवून तिनंच तिच्या हातावर पानी घातलं, साबन दिला, पुसायला धुतलेलं फडकं दिलं. लेकीनं लाटी घेतली. पयला पापड वाकडातिकडा झाला. जाऊ म्हनली, "हा तुज्या मायला खाऊ घाल."

आता लेक रोज जाती. मी नेत न्हाई, आनत न्हाई. समाजमंदिराच्या पायऱ्यांच्या बाजूला गटानं सिमेंटचा उतार करून घेतला, त्याच्यावरून ती आपली आपन जाती. जी बाई आदी येईल ती तांब्या भरून ठिवती, कोनाला सांगावं लागत न्हाई. आमचे पापड लातूरच्या दुकानात जातेत. घरात तेल-मीठ लेकच आनती, अन् मला म्हनती, आता बस निवांत.

मावशीचं मी जलमभर इसरनार न्हाई. जाऊचंबी न्हाई. तिनं तोंडावर बोलून दाखवलं म्हनून तर वाट निघाली. बाकीच्या मनातच ठेवून बसल्या असत्या, अन् मी लेकीला पाठीवर वागवत बसले असते.

हे वाचनाऱ्याला माजं येवढंच मागनं हाय. तुमच्या गल्लीत असं कोनी घरात बसून असंल, तर त्याच्या दारी जावा अन् इचारा, तुला कामाला यायला काय लागतं.