पेवातला दिवा

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर आमच्या कोरीट गावच्या खळ्यावरचं ज्वारीचं पेव उघडलं. पेव म्हणजे दोन पुरुष खोल, अरुंद तोंडाचा खड्डा. आत कोंडलेली ज्वारी महिनोन्‌महिने प्राणवायू खाऊन टाकते आणि कर्बवायू सोडते. तो जड, तळाशी बसून राहतो. हे मी धुळ्याच्या शाळेत दर वर्षी शिकवत होतो. गावाला ते फळ्याशिवाय ठाऊक होतं: तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग दिवा सोडायचा, तो जळत राहिला तरच माणसाने उतरायचं.

थोरल्या भावाला दम निघत नव्हता. रनाळ्याची गाडी ज्वारी न्यायला दारात उभी होती. अर्ध्या तासातच त्याने दिवा सोडला. विझला. "वारा लागना व्हई," तो म्हणाला. खड्ड्यात कसला आलाय वारा! मी तसं बोललो, तर सगळ्यांसमोर हसला, "मास्तर, तुन्ही शाळा धुळ्याले ऱ्हाऊ दे." मला झोंबलं. मी तोंड फिरवून बाजूला जाऊन बसलो, आणि तो दोर धरून उतरला.

धप्प आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. वडील धावत आले आणि आत पाय सोडू लागले. मी त्यांना कमरेला धरून मागे खेचलं.

"सोड माले! मन्हा पोऱ्या शे तठे!"

ते माझ्या हाताला कडकडून चावले. रक्त आलं तरी दात सुटेनात. मी कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि जन्मदात्या बापाच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. ते तरीही उठले. मी गुडघ्यावर हाणलं.

विहिरीतल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ गड्यांनी आत सोडला. आकडा भावाच्या खांद्यात रुतला. मांस फाटत होतं तरी आम्ही ओढत राहिलो. रक्त जवळजवळ आलंच नाही, तेव्हा काय ते कळलं.

वडील पुढे पुष्कळ जगले. भेटलो की का अडवलंस म्हणून विचारायचे, "माले काबर रोकं?" मी वायू समजावून सांगायचो, तुम्हीही गेला असता म्हणायचो. ते ऐकून घ्यायचे. एकदा अंगणात खेळणाऱ्या माझ्या मुलाकडे बघत म्हणाले, "तठे तुन्हा पोऱ्या ऱ्हाता तर?"

मी उतरलो असतो. ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं.