मोटरीला घातलेली गोधडी

बबनभाऊंची इलेक्ट्रिक रिक्षा पुलाच्या चढावर तिसऱ्यांदा रांगायला लागली, तेव्हा मागे बसलेल्या चौघीजणी उतरून पायी निघाल्या. चौघी निघोजे गावच्या, चाकणच्या एका कंपनीत फर्स्ट शिफ्टला. हजेरीचा पंच चुकला की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. जाताजाता त्यांनी बजावलं, सोमवारपर्यंत गाडी नीट झाली नाही तर आम्ही दुसरी रिक्षा लावतो.

हे सगळं बबनभाऊंनी मला सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, हँडल पुसत पुसत. साठीला टेकलेला माणूस. तीस वर्षं डिझेल रिक्षा चालवलेली, इलेक्ट्रिक घेऊन जेमतेम वर्ष झालेलं. या चौघींच्या फेरीवरच त्यांचं घर चालायचं.

मी तिथे सर्व्हिस इंजिनिअर होतो. रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते. त्याआधीची सगळी नोकरी डिझेल इंजिनांच्या टेस्टिंगमध्ये गेली. नुसत्या आवाजावरून दोष सांगायचो आणि त्याचा मला माजही होता, खोटं कशाला बोलू.

लॅपटॉप जोडला. फॉल्ट कोड आला, मोटर गरम. इलेक्ट्रिक गाडीत कंट्रोलर म्हणून एक डबा असतो. मोटर फार तापली की ती जळू नये म्हणून तो करंट कमी करतो. गाडी बंद पडत नाही, पण चढ चढायला मागत नाही. आता मोटर तापते कशामुळे? लोड बरोबर होता, ब्रेक घासत नव्हते. शेवटी मागचं कव्हर उघडलं आणि बघतच राहिलो.

मोटरीभोवती गोधडी होती. मापात शिवलेली, बारीक टाक्यांची, कडेला हिरव्या लुगड्याची पट्टी. दोन नाड्यांनी घट्ट बांधली होती.

“बबनभाऊ, मोटरीला थंडी वाजते का?”

ते हसले नाहीत. “मंडळींनी शिवलीय. त्या बाया म्हनत्यात गाडी शिट्टी मारती, डोकं उठतं. डिझेलच्या गाडीला आमी इंजिनाच्या झाकनाखाली गोनपाट घालायचो, आवाज दबायचा. तसंच केलं.”

डिझेल रिक्षावाले हे खरंच करायचे. तसलं काळं पडलेलं गोणपाट मी कितीदा ओढून काढलंय. पण या मोटरीला थंड व्हायला अंगावरून जाणाऱ्या वाऱ्याशिवाय दुसरं काही नसतं. गोधडीत तिचा जीव गुदमरत होता.

“तुम्हाला ऐकू येते शिट्टी?”

“न्हाई. मला तर गाडी येकदम गप वाटती.”

गोधडी काढली. मंडळी, म्हणजे हिराबाई, बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनाही मागे बसवलं आणि आम्ही ट्रायल घेतली. मी कान लावला. काही नाही. परत येऊन मी लिहायला घेतलं: आवाज आढळला नाही, ग्राहकाने स्वतः बदल केला. म्हणजे वॉरंटी गेली, आणि सोमवारही गेला.

“अवो, वाजतीय की,” हिराबाई म्हणाल्या. “निघाल्यापासनं वाजतीय. तुमाला दोघांनाबी न्हाई आली?”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

पुन्हा निघालो. या वेळी मोबाइलवर आवाजाचा ग्राफ लावला. बबनभाऊंनी वेग वाढवला, हिराबाई म्हणाल्या, “आता,” आणि स्क्रीनवर एक टोक सरळ वर गेलं. वेग कमी केला तसं खाली आलं. गिअरचे दात नीट बसत नव्हते. दोष आमच्या कंपनीचा होता आणि तो मला डोळ्यांनी बघावा लागला. इंजिन ऐकायचं म्हणून आवाज रोखणारे कानावरचे मफ मी कायम गळ्यात ठेवले, त्याची किंमत त्या दिवशी कळली. मला फार वाईट वाटलं.

वॉरंटीच्या मॅडमना फोन लावला.

“मोटरवर बाहेरची वस्तू, फॉरेन मटेरियल होतं ना? मग क्लेम रिजेक्ट.”

“मॅडम, गोधडी शिट्टीमुळे आली. शिट्टी आपल्या गिअरबॉक्सची.”

“तुम्ही स्वतः ऐकली?”

हो म्हणता आलं असतं. “नाही. तेवढा बारीक आवाज मला आता ऐकू येत नाही. ग्राहकाच्या पत्नीने ऐकली. ग्राफ पाठवलाय.”

त्यांनी ग्राफ उघडून बघितला. मग म्हणाल्या, “सगळं लिहा. गोधडीसकट.”

शनिवारी नवीन गिअरबॉक्स बसला. पुलाच्या चढावर दोन फेऱ्या मारल्या, हिराबाईंना मागे बसवूनच. त्यांनी मान हलवली, तेव्हा मी सही केली.

झिरो एमिशन म्हणतात ते या गाडीच्या धुराबद्दल. वीज कुठेतरी कोळसा जाळूनच येते, हे मला माहीत आहे. पण त्या चौघी आता नाकाला स्कार्फ न बांधता चाकणला जातात आणि ओरडून न बोलता गप्पा मारतात, हेही मी पाहिलंय. डिझेलच्या ज्या आवाजाने आमचे कान गेले तो मात्र धुराच्या कुठल्या सर्टिफिकेटवर आला नाही.

निघताना हिराबाई गोधडीची घडी घालत होत्या. हळूच मला म्हणाल्या, “तीस वर्सं मी ह्यांच्याशी भांडले, भाऊ. मी म्हनायचे, बोलते तिकडं ध्यानच न्हाई तुमचं.”

“काय म्हनतीस?” पुढून बबनभाऊंनी विचारलं.

“चला म्हनलं,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि डोळे पुसून मागे न बसता त्यांच्या शेजारी, ड्रायव्हरच्या सीटवर, सरकून बसल्या. नियमात बसत नाही ते. मी दुसरीकडे बघितलं.

‘आवाज आढळला नाही’ असं लिहिण्याआधी ज्याला ऐकू येतं त्याला विचारावं, एवढंच मी या नोकरीत शेवटी शेवटी शिकलो. त्याच आठवड्यात कान तपासून घेतले. बायकोला बरोबर नेलं होतं. तिच्याही बऱ्याच तक्रारी होत्या.